सगळे धर्म प्रेमच शिकवतात, हे मुलाला कसं पटवू?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं आहे. वय एकसष्ट. घर लिंगायत, घरातलं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. लग्न होऊन त्या विजापूर वेशीजवळच्या वाड्यात आल्या तेव्हा समोरच्या खोलीतल्या मुस्लिम बाईंशी त्यांची मैत्री झाली. त्यांना त्या आपा म्हणतात. बाळंतपणं, आजारपणं, यजमानांचं जाणं, सगळ्यांत आपा सोबत होती. पुढे हे कुटुंब जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहायला आलं तरी जाणं-येणं सुटलं नाही. ईदला तिकडून शीरखुर्मा येतो, संक्रांतीला इकडून शेंगापोळी जाते, सणावाराला हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, डबा जातो. या पावसाळ्यात सहा वर्षांची नात तापाने फणफणली, तेव्हा बाई तिला घेऊन आपासोबत दर्ग्यात गेल्या आणि मनगटाला दोरा बांधून आणला. मुलाने रात्री तो कापून टाकला. ‘त्या घराशी आता संबंध नको, निदान माझ्या मुलीसमोर नको,’ हे त्याचं तेव्हापासूनचं म्हणणं. सून यावर काही बोलत नाही. बाईंनी मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्व धर्मांचं सार प्रेमच आहे अशा पोस्ट टाकायला सुरुवात केली आणि तिथे भांडण पेटलं. आपाला यातलं काहीच सांगितलेलं नाही. गुडघ्याचं कारण सांगून दोन महिने जाणं टाळलं आहे. त्या विचारतात: मुलाला पटेल असं काही वाचायला, ऐकवायला सुचवा. महिला मंडळात सर्वधर्म प्रार्थनेचा कार्यक्रम ठेवला तर उपयोग होईल का? की घरच्या शांततेसाठी मीच आपाकडे जाणं सोडू?

ताई,

तुम्ही वचनांची यादी मागितली आहे. ती करायला फार वेळ लागणार नाही. पसायदान आहे, दयाच धर्माचं मूळ आहे हे बसवण्णांचं वचन आहे, बुद्धाचं मेत्तसुत्त आहे, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातला प्रेमावरचा अध्याय आहे, आणि सूफींकडे तर प्रेम सोडून बाकी बोलणं कमीच. पण ही यादी मुलाच्या फोनवर पोचली की तिकडून दुसरी येईल, तेवढीच लांब, तेवढ्याच जुन्या ग्रंथांतून काढलेली. तुमच्या घरच्या ग्रुपवर हेच तर झालं. तुम्ही ‘खरा तो एकची धर्म’ टाकलंत, पुतण्याने कुठल्याशा दंगलीचा व्हिडिओ टाकला, जाऊबाईंनी मध्येच शुभ सकाळचं फूल टाकून पाहिलं, आणि शेवटी दोघं जण ग्रुप सोडून गेले.

त्या प्रार्थनेचंच बघा ना. शाळेत तुम्ही ती वर्षानुवर्षं मुलांकडून म्हणून घेतलीत. तुमच्या मुलानेही रांगेत उभं राहून म्हटली असणार. ‘जगाला प्रेम अर्पावे’ हे त्याला पाठ आहे. म्हणजे त्याला माहीत नाही म्हणून तो असा वागतो, असं काही नाही. आणि ज्यांनी ती लिहिली त्या साने गुरुजींना तरी केवळ ओळींवर भरवसा कुठे होता? पंढरपूर तुमच्याच जिल्ह्यातलं. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम कोसळून गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं वारकरी परंपरा सांगते. समाधी दारासमोर, दाराच्या आत नाही. त्यानंतर सहाशे वर्षं दिंड्या त्या समाधीवरून आत जात राहिल्या, पुढे तर तुकोबांचं ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ गात. विठ्ठलाला माउली म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण दलितांसाठी दार बंदच राहिलं. ते उघडावं म्हणून गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले, गावोगावची देवळं आणि पाणवठे उघडा म्हणून सांगत राहिले, आणि १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. तेव्हा कुठे बडवे मंडळी नमली.

म्हणून तुमच्या पत्रातली पहिली समजूत मला पटत नाही. मुलाला एकदा तत्त्व पटलं की वागणं आपोआप बदलेल, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचं स्वतःचं तरी तसं झालं का? आपाशी तुमची मैत्री झाली तेव्हा तुम्ही सर्व धर्मांचं सार काढून बघितलं नव्हतं. तुम्ही वीस-बावीस वर्षांच्या, नव्या गावात, नळाला पाणी कधी येतं हेही माहीत नसलेल्या. तिने एक घागर भरून दिली. बाकीचं सगळं नंतर आलं. तत्त्व तर अगदी अलीकडे, मुलाशी वाद सुरू झाल्यावर.

दुसरी समजूत जास्त नाजूक आहे, कारण ती तुम्हाला प्रिय आहे. ‘आपाचा आणि माझा देव एकच, फक्त नावं वेगळी’ असं तुम्ही लिहिता. आपाला विचारून बघा, ती हसेल किंवा विषय बदलेल. तुम्ही रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करता. तिच्या धर्मात देवाला आकार देणं हेच मुळात चालत नाही. हा काही बारीक फरक नाही. शिवाय दर्ग्यावर जाऊन मागणं मागू नये, असं मानणारे तिच्याच धर्मात पुष्कळ आहेत, त्यांना तुमची दोऱ्याची गोष्ट तुमच्या मुलाइतकीच खटकेल, कारणं वेगळी. आणि तुमच्याकडे तरी सगळं एकमताचं कुठे आहे? सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळं खोदवलं, शिवलिंगं स्थापली. अल्लमप्रभू इथे आले तेव्हा हा सगळा बाहेरचा खटाटोप कशाला, यावरून त्यांनी सिद्धरामांशी चांगलाच वाद घातला आणि मग त्यांना बसवण्णांच्या कल्याणला घेऊन गेले, अशी कथा तुमच्याच घरी सांगत असतील. एका परंपरेतल्या दोन थोर माणसांचं इतकं वाजतं, तर सगळे धर्म एकच हे वाक्य कुणाच्या जिवावर म्हणायचं?

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ. तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. आपा तुमच्या वाट्याचा शीरखुर्मा एका वेगळ्या पातेल्यात करते. त्या पातेल्यात कधी मटण शिजलेलं नाही, आणि तिच्या सुनांनाही त्याला हात लावायच्या आधी विचारावं लागतं. बघा, तिने असं म्हटलं नाही की अन्न ते अन्न, त्यात काय सोवळंओवळं. तुमचं शाकाहारी असणं तिला पटलेलं असेल असंही नाही, कदाचित मनातून ती त्याला वेडेपणा समजत असेल. पण तिने भांडं बाजूला ठेवलं, आणि इतकी वर्षं ते बाजूलाच आहे. तुम्हीही लिहिलंय की रमजानात दुपारी तिच्याकडे गेलात तर तुम्ही पाणीसुद्धा मागत नाही. तुम्हा दोघींचं प्रेम आहे ते या फरकासकट. फरक पुसून ते झालेलं नाही. आणि मला वाटतं तुमच्या मुलाला नेमकी भीती आहे ती पुसलं जाण्याची. तुम्ही ‘सगळं एकच’ म्हणता तेव्हा त्याच्या कानावर ‘आपलं असं काही राहणार नाही’ असं पडतं. तुम्ही मलम लावायला जाता आणि त्याला झोंबतं, ते बहुधा यामुळे.

तुमच्या श्रद्धेला मी सुरुंग लावतेय असं समजू नका. धर्मांमध्ये प्रेमाचं नातं नाही असं मला म्हणायचं नाही. नातं आहे, पण ते तुम्ही शोधताय तिथे नाही. प्रेम म्हणजे काय हेही प्रत्येकाकडे निराळं आहे. वारकऱ्याला देव आईसारखा हवा, रुसता येईल असा. सूफीला त्या प्रेमात स्वतः विरघळून जायचंय. येशू शत्रूवर प्रेम करा म्हणतो, जे ऐकायला सोपं आणि करायला जवळजवळ अशक्य. बौद्ध साधक मैत्रीची भावना बसून, रोज, सराव करून वाढवतो: आधी स्वतःविषयी, मग जवळच्यांविषयी, मग ओळख नसलेल्यांविषयी, आणि शेवटी ज्याच्याशी पटत नाही त्याच्याविषयी. यातलं काही एकमेकांत मिसळून एक काढा करता येत नाही. पण नुसतं वाटून थांबायची मुभा यातला कुणीच देत नाही. शरणांकडे, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांकडे, दासोह आहे, म्हणजे आलेल्याला वाढणं. शिखांकडे लंगर. मुसलमानांकडे ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या घरी फितरा पोचला पाहिजे. पोट भरण्याच्या गोष्टीपाशी सगळे येऊन भेटतात. पसायदानाची तुम्हाला आठवण करून देणं म्हणजे शिक्षिकेलाच धडा देणं, तरी सांगते: ज्ञानेश्वर ‘भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें’ असं मागतात आणि लगेच पुढच्या ओवीत ‘जो जें वांछील तो तें लाहो’ म्हणतात. सगळ्यांची इच्छा एकच होवो असं मागत नाहीत. कुराणातही मानवाला उद्देशून म्हटलंय की तुमचे लोकसमूह आणि टोळ्या केल्या त्या तुम्ही एकमेकांना ओळखावं म्हणून. आपाला विचारा, सूरह हुजुरात म्हटलं की तिला कळेल.

मुलाकडे वळू. ‘तो द्वेषाने भरलाय’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिता की कारखान्यातल्या मुस्लिम डाइंग मास्तरच्या मुलीच्या लग्नात तो दिवसभर उभा होता आणि परत येताना त्याच्या म्हाताऱ्या आईला गाडीतून घरी सोडून आला. द्वेषाने भरलेला माणूस असं करत नाही. त्याने मनात एक रेघ मारलेली आहे: बाजार आणि कारखाना एकत्र, स्वयंपाकघर आणि देवघर वेगळं. ही रेघ त्याने शोधून काढलेली नाही, सोलापुरात ती फार जुनी आहे आणि चारही भाषांत आहे. पूर्व भागातल्या मागावर, विडी कारखान्यात, मार्केट यार्डात तेलुगू, कानडी, मराठी, दखनी बोलणारी माणसं दिवसभर एकमेकांना सांभाळून घेतात आणि संध्याकाळी आपापल्या गल्लीत जातात. तुम्ही आणि आपाने ती रेघ ओलांडली कारण तुमची घरं एका वाड्यात होती. तुमचा मुलगा त्याच वाड्यात मोठा झाला खरा, पण गेली बरीच वर्षं तो जिथे राहतोय तिथे जिन्यात भेटणारी सगळी घरं एकाच तऱ्हेची आहेत. हा दोष त्याच्या एकट्याच्या गळ्यात घालू नका, फ्लॅट घेताना तुम्हीही सोबत गेला होतात.

त्याला चार हुतात्म्यांचा दाखला देऊ का, असंही तुम्ही विचारलंय. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेलेले हे चौघं चार समाजांतले होते, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या ऐन तोंडावर दरवर्षी सोलापूर त्यांना हार घालतं. दाखला जरूर द्या, पण पूर्ण द्या. ते ‘सर्व धर्म समान’ अशी सभा भरवून एकत्र आले नव्हते. गिरणगाव पेटलं होतं, १९३०च्या मे महिन्यात शहरावर मार्शल लॉ लागला होता, आणि समोर एक काम होतं. आणि अर्धवट दाखल्याची दुसरी अडचण अशी की तुमचा मुलगा उलट विचारेल, मग १९६७ साली काय झालं? त्या वर्षी सोलापुरात दंगल झाली, रघुबर दयाळ आयोगाने देशातल्या ज्या ठिकाणांची चौकशी केली त्यात आपलं शहर होतं, आणि ते शेवटचं ठरलं नाही. ‘आम्ही नेहमीच भावंडांसारखे राहिलो’ असं सांगू नका, ते खरं नाही आणि त्याला माहीत आहे. ‘नंतरच्या दंगलीच्या दिवसांत आपाच्या घरी आपण काय केलं, आणि आपल्या घरी आपाने काय केलं,’ ते सांगा. ते तुम्ही पाहिलेलं आहे. त्यावर उलट व्हिडिओ टाकता येत नाही.

आता दोऱ्याबद्दल, आणि इथे मी मुलाच्या बाजूने आहे. नात आजारी होती, तुम्ही घाबरला होतात, आपावर विश्वास होता, सगळं समजतं. पण मूल त्यांचं आहे. त्यांना न विचारता तुम्ही तिला दर्ग्यातच काय, अक्कलकोटला नेऊन अंगारा लावला असता तरी त्यांनी रागवायला हरकत नव्हती. तुमच्या सासूबाईंनी तुमच्या मुलाला तुम्हाला न विचारता कुठे नेलं असतं तर तुम्ही मनात काय म्हणाला असता? यासाठी त्याची आणि सुनेची माफी मागा, साधी, ‘पण’ न जोडता. ‘मी विचारायला हवं होतं. यापुढे तिला कुठल्याही देवस्थानी नेताना तुम्हाला विचारेन.’ एवढंच. हे मान्य केल्याने तुमची मैत्री चुकीची ठरत नाही. उलट आजवर एका गाठीत अडकलेल्या तीन गोष्टी सुट्या होतील: तुमची मैत्री, नातीचं संगोपन, आणि घरातले नियम. पहिली तुमची एकटीची आहे. दुसरी त्या दोघांची. तिसरी सगळ्यांनी बसून ठरवायची, आणि फ्लॅट तुमच्या नावावर आहे हे त्या बैठकीत तोंडातून काढू नका.

मैत्री सोडून द्यावी का? नाही. ‘घरच्या शांततेसाठी’ असं तुम्ही लिहिलंय, पण गेले दोन महिने तुम्ही जवळजवळ सोडलेलीच आहे, आणि त्या शांततेचं वर्णन तुम्हीच केलंय: जेवताना टीव्ही मोठा लावतात. एका माणसाच्या गप्प बसण्यावर उभी राहिलेली शांतता टिकत नाही, ती दुसरीकडून फुटते, बहुतेक वेळा तब्येतीतून. गुपचूप भेटणं हा दुसरा मार्ग तुम्ही सुचवलाय, दवाखान्याचं निमित्त करून. तोही नको. चोरून केलं की चांगली गोष्टही चोरीची दिसायला लागते, आणि उद्या नातीने ‘आजी खोटं बोलते’ म्हटलं तर तिला काय सांगाल? तिसरा मार्ग म्हणजे हट्टाने आपाला सणाच्या दिवशी घरी बोलावणं, मुलाच्या देखत. त्यात आपाचा बळी जाईल. ती पाहुणी म्हणून येईल आणि मुद्दा म्हणून वापरली जाईल.

खरं तर आपाचंच मला जास्त वाटलं. सहा पानी पत्रात मुलावर चार पानं आहेत, आपावर अर्धं. तिला गुडघ्याचं कारण पटलंय असं तुम्हाला खरंच वाटतं? आयुष्याची चाळीस वर्षं तिने तुमचा चेहरा वाचलाय. तिला कळलंच असणार, आणि तुम्ही सांगत नाही म्हणून ती विचारत नाही. आधी तिच्याकडे जा. कंबर तलावाच्या कडेला दोघी बसायच्या असं लिहिलंय, तिथे भेटलात तरी चालेल. तिला सगळं सांगा, दोऱ्याचंही. मुलाच्या वतीने रडून माफी मागू नका, नाहीतर तुमची समजूत घालण्याचं काम परत तिच्यावर येईल. आणि तिचंही ऐका. तिच्या घरातून कुणी ‘हिंदूंच्या घरी एवढं जाणं कशाला’ म्हणत नसेल असं समजू नका. तुमच्यासारखीच तीही काही लपवत असेल. दर्ग्यातल्या दोऱ्यावरून तिच्या धाकट्या मुलाने तिलाही सुनावलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मुलाशी बोलायचं ते नंतर, आणि ग्रुपवर एक अक्षर नाही. तुमच्याकडून येणाऱ्या पोस्ट आजपासून बंद, त्याच्या पोस्टला उत्तर बंद. सणाचा दिवस टाळा, पगाराची तारीख टाळा, तो कारखान्यातून दमून येतो ती वेळ टाळा. माफीपासून सुरुवात करा. मग त्याला विचारा, ‘तुला नक्की कशाची भीती वाटते?’ आणि मग गप्प बसा, हे शिक्षकांना जड जातं. लोक काय म्हणतील याची असू शकते. मुलगी मोठी होऊन कुठे जाईल याची असू शकते. आजकाल फोन उघडला की दिवसभर जे कानावर पडतं त्याची असू शकते. जे निघेल त्यावर लगेच उत्तर देऊ नका. शेवटी तुमचं म्हणणं एवढंच असू द्या: ‘तू आपाच्या देवाला मानावंस असं मी म्हणत नाही. मीही मानत नाही. पण आपा माझी मैत्रीण आहे, मी तिच्याकडे जाणार, आणि सांगून जाणार. नातीसमोर तिच्याविषयी वाईट बोलायचं नाही, एवढं मला तुझ्याकडून हवं.’ ‘मीही मानत नाही’ हे शब्द त्याने तुमच्याकडून बहुधा कधी ऐकलेले नसतील.

महिला मंडळाच्या कार्यक्रमाबद्दल. स्टेजवर चार धर्मांचे चार जण, शाल, नारळ, समई कुणी पेटवायची यावर दहा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर फोटो. कुणाचं वाईट होत नाही, चहा मात्र चांगला असतो. तुमच्या घरातल्या प्रश्नाला त्याचा काडीचा उपयोग नाही. काही करायचंच असेल तर एकत्र काम काढा. तुम्ही शिक्षिका आहात, विडी कामगारांच्या वस्तीत दहावीच्या मुलींचे गणिताचे तास घ्या, दोन बायका तुमच्याकडच्या, दोन आपाच्या ओळखीच्या. तिथे देवाचा विषय निघणारही नाही, आणि न निघालेलाच बरा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. अशी पत्रं उलट बाजूनेही येतात: दिवाळीचा फराळ घरात आणला म्हणून सासऱ्यांनी बोलणं टाकलेली मुस्लिम सून, किंवा शेजारणीच्या हळदी-कुंकवाला गेली म्हणून घरात टोमणे ऐकणारी बौद्ध बाई. तुम्हालाही हेच सांगेन की जाण्याचं समर्थन धर्मग्रंथातून करायला जाऊ नका, नात्याच्या नावाने करा, आणि जिथे तुमचा स्वतःचा नियम आहे तिथे ‘मी हे घेत नाही’ म्हणायला लाजू नका. जवळच्या माणसाला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या मुलामुलींचा प्रश्न लग्नाचा आहे त्यांना एवढंच: १९५४च्या विशेष विवाह कायद्यात दोघांपैकी कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस लागते, ३० दिवसांत वैध हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. वारसाहक्काचे नियम या लग्नाने बदलू शकतात, म्हणून अर्ज करण्याआधी वकिलाला भेटा. आणि मारहाण किंवा धमकी असेल तर प्रेमाने समजावत बसू नका, ११२ लावा.

राहिली तुमची सून. सगळ्या पत्रात तिच्याबद्दल एक वाक्य आहे, ‘ती काही बोलत नाही’. तिला विचारलंय कुणी? दोरा बांधला तिच्या मुलीला, कापला तिच्या नवऱ्याने, आणि ती मधल्या मधे. मुलाशी बोलण्याआधी एखाद्या दुपारी तिच्याशी बोला, तीही आई म्हणून त्या रात्री घाबरलेली होती. तिचं मत तुमच्यासारखंच निघेल अशी आशा धरू नका. ती तुमच्या मुलापेक्षा कडक निघू शकते. तरी तिला आधी कळलं पाहिजे.

आणि एवढं सगळं करूनही मुलगा म्हणेल, मला नाही पटत. तसं झालं तर त्याला पटवत बसू नका. जेवायला वाढा, कारखान्याचं विचारा, त्याच्याशी बोलणं तोडू नका. गुरुवारी आपाकडे जायचं असेल तर चप्पल घालताना त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, ‘आपाकडे जाऊन येते, साडेसहापर्यंत परत.’